पऱ्हाटीचे फूल आणि यवतमाळची दीडशे वर्षे

१८५३ साली निजामाने फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी वऱ्हाडचा मुलूख कंपनी सरकारच्या हवाली केला, तेव्हा त्या व्यवहाराचे उघड कारण हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या पगाराची तजवीज एवढेच होते. परंतु लॉर्ड डलहौसीने हिंदुस्थान सोडताना आपल्या कारकीर्दीचा जो जमाखर्च विलायतेस सादर केला, त्यात नागपूर आणि वऱ्हाड हे प्रांत हाती आल्यामुळे देशातील उत्तम कापसाची जमीन सरकारच्या अमलाखाली आली, ही गोष्ट त्याने आवर्जून मांडली होती. त्या जमिनीपैकी पूर्वेकडचा काहीसा डोंगराळ तुकडा, म्हणजे वर्धा आणि पैनगंगा या नद्यांच्या कुशीत पसरलेला वणी, केळापूर, दारव्हा आणि यवतमाळ या तालुक्यांचा प्रदेश, पुढे वणीच्या नावाचा जिल्हा म्हणून सरकारी दप्तरात नोंदला गेला. आणि १९०५ साली वऱ्हाडच्या सहा जिल्ह्यांची फेररचना होऊन पुसद तालुका त्यास जोडला गेला, तेव्हा त्यास यवतमाळ जिल्हा हे नाव मिळाले. या प्रदेशाचा १८५३पासूनचा इतिहास सांगावयाचा तर कमिशनर, डेप्युटी कमिशनर आणि मंत्री यांची नामावळी पुरेशी होणार नाही; त्यासाठी एका फुलाची रचना आधी समजून घ्यावी लागेल. कारण या दीडशे वर्षांत येथे जे हुकूम सुटले, जे भाव ठरले आणि जे प्रयोग झाले, त्या सर्वांचा अंमल अखेरीस पऱ्हाटीच्या फुलावर बसला, आणि त्या फुलाने आपल्या धर्माप्रमाणे त्यांस जे उत्तर दिले, त्यावर कास्तकाराचे बरेवाईट ठरत गेले.

भाद्रपद सरत आला की काळ्या रानातली पऱ्हाटी कमरेइतकी होते. तिच्या खोडाच्या खालच्या पेरांतून ज्या फांद्या सरळ वर जातात, त्यांना आपल्याकडे गळफांद्या म्हणतात आणि त्यांच्यावर थेट फळ धरत नाही; वरच्या पेरांतून ज्या आडव्या व किंचित नागमोडी फुटतात त्या फळफांद्या, आणि त्यांच्या प्रत्येक पेरावर एक पान व त्या पानासमोर एक पाते, असा क्रम झाड मोठ्या शिस्तीने पाळीत जाते. पाते म्हणजे तीन हिरव्या, दातेरी छदांनी मिटून घेतलेली कळी. ते नजरेस पडल्यापासून फूल उमलेपर्यंत सुमारे तीन आठवडे जातात, आणि उमलणे होते ते सकाळी. छदांच्या आत आखूड, अखंड संवर्त. त्याच्या आत पाच पाकळ्या, एकीची कड दुसरीवर चढलेली, आणि देशी जातींत पाकळ्यांच्या तळाशी बहुधा जांभळट तांबडा ठिपका. मधोमध एक नळी, जी असंख्य पुंकेसरांचे देठ परस्परांस जुळून झालेली असते आणि जिच्यामुळे हे झाड जास्वंद, भेंडी व अंबाडी यांच्या कुळातले आहे हे कोणासही ओळखता यावे. त्या नळीतून वर डोकावणारी कुक्षी. आणि सर्वांच्या तळाशी तीन ते पाच कप्प्यांचा अंडाशय, ज्याच्या प्रत्येक कप्प्यात बीजांडांच्या ओळी लागलेल्या असतात. परागकण टपोरे, काटेरी आणि चिकट असल्यामुळे ते वाऱ्यावर जात नाहीत. पुष्कळशी फुले आपल्याच परागाने फळतात आणि उरलेल्यांची सोय मधमाश्या व भुंगे करतात. दुपार टळली की फुलाचा रंग फिरू लागतो; अमेरिकन जातीचे दुधाळ फूल संध्याकाळपर्यंत गुलाबी होते, दुसऱ्या दिवशी तांबडे पडून मिटते आणि एक-दोन दिवसांत वाळलेला मुकुट गळून खाली इवले बोंड उघडे पडते.

ज्याच्यासाठी साम्राज्ये धडपडली, तो धागा या अंडाशयात नेमका फूल उमलण्याच्या दिवशी जन्म घेतो. बीजांडाच्या बाह्य त्वचेवरील काही पेशी त्या दिवशी फुगून वर येतात आणि पुढचे सुमारे तीन आठवडे लांब होत राहतात. एकेक पेशी वाढून इंचभर किंवा त्याहून अधिक लांबीची होते, आणि तरीही ती एकच पेशी राहते. लांबी पुरी होत आली म्हणजे आतल्या बाजूने सेल्युलोजचे थर चढू लागतात. इजिप्तमध्ये काम करणाऱ्या लॉरेन्स बॉल्स या शास्त्रज्ञाने हे थर रोजचा एक याप्रमाणे चढतात हे सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून दिले, त्यामुळे कापसाच्या तंतूवर त्या हंगामातील प्रत्येक दिवसाचा हिशेब लिहिलेला असतो, असे म्हणण्यास हरकत नाही. सहा-सात आठवड्यांनी बोंड तडकते, तंतू सुकून चपटे होतात व त्यांस पीळ पडतो, आणि त्या पिळामुळेच ते चातीवर एकमेकांस धरून राहतात. तंतूची लांबी, त्याची जाडी आणि एका सरकीवर ते किती दाट आहेत, या तीन गोष्टी स्वतंत्र आहेत. हे एवढे ध्यानी ठेवले म्हणजे पुढची कथा आपोआप उलगडते.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. मुंबईच्या बाजारात भाव असे भडकले की भेसळीला ऊत आला, आणि ती रोखण्यासाठी १८६३ साली मुंबई सरकारला खास कायदा करावा लागला. वऱ्हाडात तोपर्यंत कापूस बंजाऱ्यांच्या बैलांवर लादून दूरदूरच्या पेठांना जात असे. आता आगगाडीचे रूळ पुढे सरकू लागले. ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीची गाडी १८६७ साली नागपुरास पोहोचली, आणि १८७० साली खामगावच्या पेठेपर्यंत आणलेल्या फाट्याचे उद्घाटन खुद्द गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो याने केले. याच सुमारास मध्यप्रांत व वऱ्हाडसाठी कापसाचा स्वतंत्र कमिशनर नेमण्यात आला. त्याचे नाव हॅरी रिव्हेट-कार्नॅक. या गृहस्थाने पेठा पाहिल्या, सरकी तपासली आणि विलायतेस अहवाल पाठविले, आणि त्याच्या कळकळीचा विषय होता तो वर्धेच्या खोऱ्यातला बनी कापूस, जो व्यापारात हिंगणघाटच्या नावाने ओळखला जाई. बनीचा तंतू इंचाच्या आसपास लांब, बारीक आणि रेशमासारखा मऊ. वर्धा नदीच्या अलीकडच्या यवतमाळी रानांतही तो पिकत होता. त्याच्या शेजारी दुसरे पीक होते ते जरी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कापसाचे: झाड कणखर, लवकर पिकणारे, भरपूर बोंडे देणारे, परंतु तंतू आखूड व राठ. सरकारचा आग्रह असा की रयतेने बनी पेरावा, कारण मँचेस्टरच्या चात्यांना लांब धागा पाहिजे होता. आणि रयत पाहता पाहता जरीकडे वळली.

या वळणाचा दोष कित्येक अधिकाऱ्यांनी कास्तकाराच्या अज्ञानावर लादला. मला तो सर्वस्वी अन्यायाचा वाटतो, आणि त्याचे कारण फुलातच सापडते. बनीच्या सरकीवर तंतू लांब होते, पण विरळ. मणभर कापूस जिनात घातला तर रुई निघे ती शेकडा तीसच्या आतबाहेर. जरीतल्या काही झाडांच्या सरकीवर तंतू आखूड होते, पण गच्च दाट आणि जाड. त्यांची रुई शेकडा चाळीसपर्यंत जाई. लांबीसाठी बनीला जो अधिक भाव पाहिजे होता, तो अडत्याच्या दुकानात कास्तकाराच्या पदरात कधी पुरता पडलाच नाही, कारण तेथे मोजले जाई ते वजन. त्यातून बनी उशिरा पिकणारा. आश्विनात पाऊस उघडला की काळ्या जमिनीतला ओलावा दिवसेंदिवस खाली जातो, आणि ज्या झाडाला आपली बोंडे माघ-फाल्गुनापर्यंत पोसावयाची आहेत, त्याच्या वाट्याला अखेरीस भेगाळलेली जमीन येते. लवकर फुलणारी जरी तेवढ्या ओलाव्यात आपले काम उरकून घेई. ज्याच्यावर सावकाराचे व्याज चढत आहे अशा माणसाने यातून जी निवड केली, ती पुरत्या हिशेबाने केलेली होती.

परंतु बनी मागे पडला तो केवळ निवडीने नव्हे. पूर्वी घरोघरी रेच्यावर कापूस सोलला जाई, आणि आपल्या रानातली सरकी आपल्याच घरी राही; घरची बाई चांगल्या बोंडांची सरकी वेगळी काढून ठेवी आणि शेणमातीत घोळवून मृगावर पेरणीसाठी देई. वाफेची जिने आली आणि हा क्रम मोडला. वीस गावांच्या गाड्या एका आवारात रिकाम्या होऊ लागल्या, सगळ्यांचा कापूस एका ढिगात पडू लागला, आणि जिनाखाली जी सरकी साठे ती कोणाच्या रानातली हे सांगणे ब्रह्मदेवालाही अशक्य झाले. ती मिसळलेली सरकी पुढच्या ज्येष्ठात बियाणे म्हणून परत गावोगाव गेली. बनी आणि जरी या दोहोंची कुळी एकच, दोघांच्या पेशींत गुणसूत्रे सव्वीस. त्यामुळे शेजारी शेजारी उगवलेल्या झाडांत माशीने पराग इकडून तिकडे नेला की जे बी धरे ते दोहोंच्या रक्ताचे. रुईत केलेली भेसळ गाठीबरोबर विलायतेस निघून जाते, पण बियाण्यातली भेसळ रानात राहते आणि दरसाल वाढते. जिनाच्या आवारात झालेला घोटाळा अशा रीतीने अंडाशयात शिरला, आणि एका पिढीच्या आत हिंगणघाटच्या नावाने बाजारात येणाऱ्या मालात खरा बनी किती, हा प्रश्न व्यापाऱ्यांना पडू लागला.

विसाव्या शतकाच्या आरंभी हा गुंता कोणीतरी बसून सोडविणे प्राप्त झाले होते. पुण्यास जॉर्ज गॅमी हा वनस्पतिशास्त्रज्ञ हिंदुस्थानातील कापसाच्या जातींचे वर्गीकरण करीत होता. आणि मध्यप्रांत-वऱ्हाडच्या शेतकी खात्यात क्लाउस्टन या अधिकाऱ्याने जरीच्या रानात उभे राहून त्या मिश्रणातली झाडे निरखण्यास आरंभ केला. त्याच्या हाती किल्ली दिली ती पाकळ्यांच्या रंगाने आणि पानांच्या खंडांनी. जरी ही एक जात नसून अनेक जातींचा मेळावा आहे. त्यांतली काही झाडे पिवळ्या फुलांची तर काही पांढऱ्या फुलांची आहेत. आणि पांढऱ्या फुलांच्या झाडांपैकी रोझियम नावाने नोंदलेल्या प्रकाराचा रुईचा उतारा सर्वांहून अधिक आहे, हे या निरीक्षणातून निष्पन्न झाले. त्या झाडांचे बियाणे वेगळे करून सरकारी शेतांवर वाढविण्यात आले आणि कास्तकारांस वाटण्यात आले. पन्नास वर्षांपूर्वी जे सरकार लांब धाग्याचा आग्रह धरीत होते, त्याच सरकारच्या खात्याने आता सर्वांत आखूड धाग्याची जात शुद्ध करून दिली. आणि तिचा प्रसार करण्यास फारसे प्रयास पडले नाहीत, कारण ती कास्तकाराच्या वजनकाट्याशी जुळणारी होती. जपानच्या गिरण्यांना असला आखूड माल चालत असे, आणि लोकरीत मिसळण्यासाठीही त्याला गिऱ्हाईक होते. एकेकाळी पिवळ्या दिसणाऱ्या रानांत पांढरी फुले वाढू लागली, ती या भावामुळे.

याच काळात मर रोगाने देशी कापसाला पछाडले. जमिनीतली बुरशी मुळांतून शिरून रसवाहिन्या कोंदते, आणि वरचे हिरवे झाड भर ओलाव्यात पाण्यावाचून कोमेजते. वऱ्हाडच्या काळ्या जमिनीत या बुरशीला आयतेच घर मिळाले. यावर तोड म्हणून बुरी नावाची अमेरिकन कुळीची जात आणण्यात आली, जिला हा रोग बाधत नव्हता. बुरीच्या पेशींत गुणसूत्रे बावन्न. देशीच्या सव्वीसांशी तिचा संकर झाला तरी संतती वांझ निघते. ही बावन्न गुणसूत्रे आली कोठून, याचा उलगडा १९४० साली अमेरिकेत बीझ्ले आणि इंग्रज शास्त्रज्ञ हारलँड यांनी जुन्या जगातील व अमेरिकेतील दोन सव्वीसवाल्या जातींचा मेळ घालून प्रत्यक्ष प्रयोगाने केला: अमेरिकन कापसाच्या अर्ध्या वारशात आपल्या कुळीच्या कापसाचे रक्त आहे, असे त्यातून दिसले. इकडे अकोल्यास व्हेरम या पिवळ्या फुलांच्या देशी जातीतून निवड होऊन मर रोगास दाद न देणारे आणि रोझियमपेक्षा बऱ्या धाग्याचे वाण निघाले. १९२१ साली स्थापन झालेल्या इंडियन सेंट्रल कॉटन कमिटीने अशा कामांना पैसा पुरविला. आणि १९२५ साली जिन व प्रेस यांच्यावर निर्बंध घालणारा कायदाही झाला. दरम्यान किलिक निक्सन कंपनीने यवतमाळ ते मूर्तिजापूर अशी अरुंद रुळांची गाडी आणली, जिला लोकांनी शकुंतला हे लाडके नाव दिले. तिने यवतमाळचा कापूस मुख्य रस्त्यास लावून दिला, आणि मँचेस्टरला बनलेले तिचे एंजिन त्याच शहराच्या चात्यांसाठी कितीतरी वर्षे गाठी ओढीत राहिले.

१९४१च्या अखेरीस जपान युद्धात उतरला आणि आखूड कापसाचे गिऱ्हाईक एका रात्रीत नाहीसे झाले. १९४७च्या फाळणीत गिरण्या बहुतांशी इकडे राहिल्या, तर कालव्याच्या पाण्यावर लांब धाग्याचा कापूस पिकविणारा सिंध-पंजाबचा मोठा टापू तिकडे गेला. तेव्हापासून पुन्हा लांब धाग्याची हाकाटी सुरू झाली.

येथे पातेगळीविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण यवतमाळच्या कोरडवाहू कास्तकाराच्या बोलण्यात कापसाची गोष्ट निघाली की हा शब्द आल्यावाचून राहत नाही. आश्विनात चार दिवस आभाळ दाटून राहिले, किंवा मुसळधार पावसाने रान चिबडले, किंवा उलट पंधरा दिवस थेंब पडला नाही, तर सरीत पात्यांचा व कोवळ्या बोंडांचा सडा पडतो. रोगाची किंवा किडीची शंका येते, फवारा मारला जातो; परंतु पुष्कळ वेळा तो झाडाचा स्वतःचा निर्णय असतो. पानांत तयार होणारी साखर जितकी, तितकीच फळे झाड पोसू शकते. उजेड किंवा पाणी कमी पडले की देठाच्या बुडाशी पेशींचा एक पातळ थर सुटा होतो आणि जे फळ पोसता येणार नाही ते झाड खाली टाकते. चांगल्या हंगामातही धरलेल्या पात्यांपैकी निम्म्याहून अधिक अशी गळतातच. १९६३ साली कॅलिफोर्नियात ॲडिकॉट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी या गळीशी संबंधित द्रव्य शोधून काढले ते कापसाच्या कोवळ्या बोंडांतूनच; आज ॲब्सिसिक आम्ल या नावाने ते साऱ्या वनस्पतिशास्त्रात प्रसिद्ध आहे, आणि पाण्याच्या ताणात पानांची रंध्रे मिटविण्याचे कामही तेच करते. यवतमाळच्या रानातील पातेगळीचा आणि त्या प्रयोगशाळेतील शोधाचा विषय एकच होता, ही गोष्ट आपल्या शेतकी शिक्षणात याहून ठळकपणे सांगितली जावयास पाहिजे होती.

पुसद तालुक्यातील गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ साली महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले आणि १९७५पर्यंत त्या पदावर राहिले. कृषी विद्यापीठे, संकरित बियाणे आणि कापसाची एकाधिकार खरेदी ही सर्व त्यांच्या कारकीर्दीतली. अकोल्याचे विद्यापीठ १९६९चे, तर एकाधिकार खरेदी १९७२च्या हंगामापासूनची. जो भाव पूर्वी अडत्याच्या काट्यावर ठरे, तो आता सरकारी केंद्रावर धाग्याच्या प्रतीप्रमाणे ठरू लागला. आणि त्याच संधीला सुरतेच्या संशोधन केंद्रातून चंद्रकांत पटेल यांनी १९७० साली एच-४ हा संकरित कापूस बाहेर काढला, जो व्यापारी लागवडीसाठी काढलेला जगातील पहिला संकरित कापूस मानला जातो. गुजरात ६७ ही त्याची आई आणि अमेरिकन नेक्टरीलेस हा बाप. दोघेही बावन्न गुणसूत्रांचे.

संकरित कापूस शक्य आहे हे जगाला आधीपासून माहीत होते, पण एका फुलात पुंकेसरही आणि अंडाशयही, तेव्हा दरसाल लाखो फुलांत हा विवाह लावावयाचा कसा, येथे सर्व अडले होते. त्यावर तोड निघाली ती माणसांच्या, आणि मुख्यतः बायकामुलींच्या, बोटांनी. उद्या उमलणारी कळी आज तिसऱ्या प्रहरी ओळखावयाची. तिच्या बुडाशी अंगठ्याचे नख हलकेच फिरवून पाकळ्यांसकट पुंकेसरांची ती नळी अख्खी उपसून काढावयाची, मात्र आतल्या कुक्षीला आणि अंडाशयाच्या हिरव्या सालीला ओरखडा जाता कामा नये, कारण ओरखडलेले बोंड धरत नाही. मग त्या उघड्या कुक्षीवर कागदाची टोपी घालून ओळखीसाठी खूण करावयाची. दुसऱ्या दिवशी सकाळी बापाच्या ओळीतले ताजे फूल तोडून त्याचा पराग चार-पाच माद्यांच्या कुक्षीवर फिरवावयाचा आणि देठाला दोरा बांधावयाचा. वेचणीच्या वेळी दोरा असलेली बोंडे तेवढी बियाण्यासाठी जातात. हे काम हंगामभर, रोज, उन्हात वाकून. ज्या देशात मजुरी महाग तेथे हा उद्योग परवडला नाही. हिंदुस्थानात तो फोफावला, आणि त्या नाजूक हातकौशल्यास मोबदला किती पडला याची आठवण ठेवल्यावाचून एच-४चा गौरव करणे मला प्रशस्त वाटत नाही.

संकराने कास्तकारास लांब धागा दिला, भरघोस झाड दिले. पण बियाण्यावरचा त्याचा हक्क काढून घेतला. संकरित झाडाच्या सरकीतून पुढच्या साली आईबापांचे गुण विखरून येतात, कोणतेही झाड सारखे येत नाही. म्हणून सरकी दर ज्येष्ठात विकत घेणे आले. शिवाय एच-४ आणि त्याच्या मागून आलेले संकर हे दीर्घ मुदतीचे आणि खतापाण्याला वखवखलेले. बनीला जो ओलावा पुरला नव्हता, त्याच ओलाव्यावर, विहीर नसलेल्या रानात, त्याहून खादाड झाड उभे करण्यात आले. आणि साथीला आली ती औषधे, त्यांचे कर्ज आणि बोंडअळी.

२००२ साली बीटी कापसास परवानगी मिळाली. एका जिवाणूचे जनुक झाडात घालून पानापात्यांतच अळीला मारक प्रथिन तयार व्हावे, अशी ही योजना, आणि हिरव्या बोंडअळीपुरती काही वर्षे ती पुरती यशस्वी ठरली. परंतु आपल्या देशात ती संकरित वाणांतच आली; आणि संकराच्या बोंडातील सरकी म्हणजे पुढची पिढी असल्यामुळे एका जनुकापुरता हिशेब केला तर चारांतल्या एका बीत ते विष नसतेच. गुलाबी बोंडअळी तर नेमकी सरकीवर जगणारी. मारक आणि निरुपद्रवी दाणे एकाच बोंडात शेजारी शेजारी मिळाल्याने तिला विष पचविण्याचा सराव होत गेला, ही बाब नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे एकेकाळचे संचालक केशव क्रांती यांनी जाहीरपणे मांडली होती. २०१७च्या हंगामात यवतमाळच्या रानोरान डोमकळ्या दिसू लागल्या. कळीत शिरलेली अळी आतून पाकळ्यांची टोके रेशमाने बांधून टाकते. फूल उमलण्याच्या दिवशी उमलू पाहते आणि गुरफटून राहते, तीच डोमकळी. ती हाताने उकलली तर आत पराग खाल्लेला आणि इवली गुलाबी अळी सापडते. बोंडे फुटली ती किडकी. वेचणीला कवडी कापूस अधिक आणि पांढरा कमी. त्याच पावसाळ्यात झाडे पुरुषभर वाढलेली, दाटीत फवारणी करणाऱ्याच्या तोंडासमोर शेंडे, आणि जहाल औषधांची मिश्रणे. विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक कास्तकार व मजूर प्राणास मुकले आणि शेकडोंना इस्पितळात भरती व्हावे लागले. त्यांपैकी पुष्कळ जण दुसऱ्याच्या रानात रोजंदारीने पंप पाठीवर घेतलेले होते.

आता शेतकी खात्याची सूचना अशी की डिसेंबरअखेर वेचणी आटोपून पऱ्हाटी उपटावी, फरदड ठेवू नये, म्हणजे दुसऱ्या बहरासाठी झाड उभे राखू नये. सूचना योग्य आहे, कारण उभ्या झाडावर अळीला उन्हाळ्यापर्यंत आसरा मिळतो. पण कापूस हे मुळात बहुवर्षायू झाड. हंगामी आपण त्याला केले आहे. विहिरीचे एक पाणी मिळाले की माघातही त्याला नवी फूट येते, पाती लागतात, आणि भाव जरा चढा असला तर दोन क्विंटलांच्या आशेने फरदड राखण्याचा मोह ज्याला होतो त्यास केवळ परिपत्रकाने आवरता येत नाही. तेव्हा झाडच असे पाहिजे की जे लवकर आणि एकदम फुलेल, जमिनीत ओल आहे तोवर बोंडे पोसून घेईल, आणि डिसेंबरात त्याच्यावर राखण्यासारखे काही उरणार नाही. नागपूरच्या संस्थेने सूरजसारख्या सरळ, म्हणजे संकरित नसलेल्या, वाणांची दाट लागवड करून विदर्भाच्या कोरडवाहू रानांत जे प्रयोग केले, ते याच दिशेचे. आणि परभणीच्या विद्यापीठाने सव्वीस गुणसूत्रांच्या देशी कुळीतच लांब धाग्याची जी वाणे निवडून काढली, तीही याच कामी येण्यासारखी आहेत. अशा झाडावर आठ-दहा बोंडे धरली तरी एकरी झाडांची संख्या मोठी असल्यामुळे उताऱ्याचा मेळ बसतो. आणि वाण सरळ असल्याने त्याची सरकी कास्तकारास पुढच्या मृगावर आपल्याच घरातून पेरता येते.